सोळावा

निमजे काकांच्या वहीत
जिंकणाऱ्याचं नाव निळ्या शाईत,
सोळाव्याचं लाल.

पंधराव्याला एक गुण मिळतो.
सोळाव्याला नाही.
पाऊण तास तोच रस्ता, त्याच वळणांवर तोच गुडघा घासत,
आणि पाटी कोरी.
"मंग त्याले कोणी तं लिवलं पाह्यजे का नाही?"
म्हणायचे, आणि दातांनी रिफिल ओढायचे.

रविवारी साडेपाचला, गोळीबार चौकातल्या त्या खोलीत
कूलर इतका घरघरायचा
की इंजिनं मुकीच धावायची.
मी पडद्याला नाक लावून आकडे ओरडायची,
ते उतरवायचे:
एक, एकतीस, दशांश, शून्य चार दोन.
"दोन का तीन?"
दोन, काका.
"नक्की पाय."
तोवर पुढचे चौघे रेष ओलांडून गेलेले असायचे.

वही इतवारीतली, लाल कापडी पाठीची, किराण्याच्या हिशोबाची.
'जमा'च्या रकान्यात पोल.
'नावे'च्या रकान्यात पडझड, हाडांसकट:
डावी हासळी, उजवं मनगट, पुन्हा डावी हासळी.
'शिल्लक' म्हणजे सगळ्यात वेगवान फेरी.

जुनी वर्षं त्यांनी रद्दीतून भरली,
सीताबर्डीच्या फुटपाथवर किलोनं मिळणाऱ्या जर्मन मासिकांतून.
दोन हंगाम त्यांच्याकडे
'आउसफाल' नावाच्या एका स्वाराची नोंद आहे,
जो प्रत्येक शर्यतीत होता
आणि एकाही शर्यतीत पोचला नाही.
पुढे डाक ऑफिसातले रामटेके म्हणाले,
अहो, हे नाव नाही, 'बाद झाला' असं लिहिलंय.
काकांनी खोडलं नाही.
समासात फक्त लिहिलं: हा एकटा नव्हता.

त्यांची स्वतःची लुना होती.
पन्नास सीसी.
ग्रां प्रीतही एकेकाळी पन्नास सीसीचा वर्ग होता,
त्र्याऐंशीच्या हंगामानंतर बंद झाला.
मग ऐंशीचा आला, तोही गेला. दोनशे पन्नास गेला.
"वर्ग बंद झाला का विक्रम मोडत नाही," ते म्हणायचे,
"मोडणार कोण?"
हे सांगताना त्यांचा आवाज आनंदी आहे की कसा
ते मला तेव्हा कळायचं नाही.

त्यांचे वडील एम्प्रेस मिलच्या लूम खात्यात होते.
एका पाळीत किती वार कापड,
याचा एक आकडा घरात सगळ्यांना पाठ होता.
मिल पडली. तिथे आता दुकानं, सरकते जिने.
आकडा अजून उभा आहे.

सर्किटचं एक वळण बदललं तरी
जुना विक्रम वेगळ्या पानावर जातो, हा नियम.
म्हणून मेट्रोचे खांब उभे राहिले तेव्हा
काकांनी आपल्याच शहरासाठी नवीन पान उघडलं.

ते गेल्यावर वही माझ्याकडे आली,
काकूंनी दिली, वर एक डबाभर सांडगे.
शेवटच्या लिहिलेल्या पानावर हे होतं:

गोळीबार चौक ते झीरो माइल.
लुना. चालक बाळकृष्ण निमजे, वय एकाहत्तर.
हवा समोरून. तापमान पंचेचाळीस.
लाल दिवे तीन, गायी दोन, ओळखीचे एक (थांबलो नाही).
अकरा मिनिटं, चाळीस सेकंद.
स्पर्धक एक.
क्रमांक

आणि तिथे लाल शाईत
सोळा.

मी बराच वेळ बाकीचे पंधरा शोधत राहिले.

परवा रविवारी टीव्ही लावला.
जिंकणारा टाकीवर आडवा पडून रडत होता,
कॅमेरा त्याच्या हेल्मेटच्या आत घुसू पाहत होता.
मी खाली पाहिलं, डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत.
एक नवीन पोरगा, आडनाव नीट वाचता आलं नाही.
अडतीस दशांश सहा एक नऊ सेकंदांनी मागे.

नऊ का आठ?
पडदा पुढे सरकला होता.
मी नऊ लिहिलं, आणि समोर छोटं प्रश्नचिन्ह,
त्यांना चाललं नसतं.